नदीपलीकडे

...उभी का, एलिदा, बस की. तिथं नको, ती खुर्ची ओस्वाल्दोची, लेकाला माझ्या दुसऱ्या कुणी बसलेलं खपत नाही — त्या बाकावर बस. नीमिया शाळेत गेलीय, सांगितलं ना मघाशी, येईल. पोटची पोर आहे तुझी, पळून थोडीच जातेय. तोवर गार तेरेरे पिऊ, आण ते प्यायचं शिंग इकडे — नाही, तूच ओत, बर्फाचं पाणी तुझ्याच हाताशी आहे. आधी मला दे. पाला जरा जाडाभरडा राहिलाय, नीमिया काय बारीक कुटायची, आता सगळं माझ्याच गळ्यात आलंय... आता म्हणजे सकाळचं गं. सकाळी ती शाळेत असते ना.

चिपा आणलास? तिच्यासाठी? बघू, एक खाऊन बघते. पिठात चीज कमी पडलंय. काय म्हणालीस, तिला घरी न्यायचीय? कुठल्या घरी, बाई? तुमचं शिवार सोयाबीनवाल्यानं गिळलं केव्हाच, दारापर्यंत सोया, फवारणी झाली की कोंबड्या मरतात — तूच रडत होतीस ना नाताळात? अगं, आपला पराग्वे चालतोच त्याच्यावर. सोया, गुरं आणि धरणाची वीज, ती तरी कुठे आपल्याला, शेजाऱ्यांना विकायची, आणि इथं माझा पंखा बंद. समुद्र नाही, काही नाही, सगळं नदीवाटे. ओस्वाल्दोच्या पुस्तकात आहे हे सगळं. तो मोठमोठ्यानं घोकतो, नीमिया इस्त्री करता करता ऐकायची, त्याच्याआधी तिला पाठ झालं होतं.

हो, इस्त्री करता करता. मग कुठे, वर्गात? — अशी बघू नकोस माझ्याकडे. नाव घालणारच होते मी. पहिल्या वर्षी गणवेशाचं राहिलं, नंतर माझा गुडघा धरला, घरात कुणीतरी नको? बाप्तिस्म्याला मी हातावर घेतलंय तिला, मी तिची धर्मआई, मला काय काळजी नाही? पण तिनं काय करावं — समोरच्या बाईला जाऊन सांगितलं, मला शाळेत घातलंच नाही म्हणून. ती बाई माझ्या दारात येऊन मला अक्कल शिकवून गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, दुसरं काय.

ग्वारानीत पुटपुटू नकोस, मला कळतं. अख्ख्या देशाला कळतं.

आहे गं, धडधाकट आहे. दिराच्या गुरांच्या वाडीवर पाठवलीय तिला. चाकोत, नदीपलीकडे. गुराख्यांचं रांधायचं, भांडी घासायची, दोन्ही वेळेला मांस मिळतं — तुझ्याकडे मिळतं? तर काय रडली, काय रडली. धडा पाठ होता ना कार्टीला: नदीच्या पश्चिमेला देशाची निम्म्याहून जास्त जमीन आणि माणसं अगदी थोडी. गाडीत बसताना मलाच म्हणून दाखवला. म्हणाली, धर्मआई, तिथं माणसंच नसतात. मला हसू आलं. म्हटलं बरंच आहे, समोरची बाई पण नसेल.

ईस्टरच्या आधीच गेली. तुला कळवणार कसं, फोन आहे का तुझ्याकडे? आणि पत्ता काय विचारतेस, तिथं पत्ता नसतो, पाऊस लागला की रस्ताही नसतो. दीर येतो वर्षातनं एकदा, आला की विचारीन. ओत गं, शिंग रिकामं धरून काय बसलीस. घे, आता तू घे, एवढ्या उन्हाची आलीस. मी काही तुझी वैरी नाही.

काय म्हणालीस?

आभार? एका घोटातच? बरं. आभार मानले की पुढचं शिंग मिळत नाही, हे मी तुला सांगायला नको. ठेव ते खाली. माझं मी ओतून घेईन.

चिपा राहू दे, कुठे नेतेस परत, ओस्वाल्दो खाईल. अशी पाठ फिरवून जाऊ नकोस, ऐक — तुझी धाकटी केवढी झाली आता? सात की आठ? हात चालतो का तिचा, पाला कुटता येईल? तिला घालीन मी शाळेत, देवाशपथ घालीन.

एलिदा?

...फाटक तरी ओढून घे, बाई. कुत्रं बाहेर जातं.