पोलादाचे रंग

अगं, खंडेनवमीला माझ्या हातून काय झालं ते ऐक तरी. आमच्या कारखान्यात रायफलीच्या चापात बसणाऱ्या बारीक पिना बनतात. त्यासाठी दोन जातींचं पोलाद येतं, ईएन-१९ आणि ईएन-२४. दिसायला अगदी सारखं, म्हणून व्यापारी सळईच्या टोकाला रंग लावून पाठवतो. एकाला पिवळा, दुसऱ्याला निळा. मी पूजेसाठी मोठ्या हौसेनं सगळ्या सळया थिनरनं घासून लखलखीत केल्या. रंगासकट!

आमचे मालक आपटेसाहेब बघतच राहिले. "वा, बाई! आता यातलं चोवीस कुठलं?"

"साहेब, ही सळई जरा जड लागतेय."

"आपण वजनकाटा आहात का?"

दोन दिवसांनी चोवीसच्या नमुना पिना तपासणीला द्यायच्या होत्या. पोलाद चुकलं तर काम हातचं जाणार. ठिणग्यांवरून पोलादाची जात कळते म्हणून साहेबांनी ग्राइंडरवर ठिणग्या पाडून पाहिल्या, त्याही सारख्याच! शेवटी मीच रडवेली होऊन प्रत्येक सळईचा एकेक तुकडा प्रयोगशाळेत नेला.

रिपोर्ट आला. सगळे एकोणीसच! म्हणजे मी रंग पुसले नसते, तर चुकीच्याच पिना गेल्या असत्या. मला हसू आवरेना.

साहेबांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. "अहो, पोलाद एकच पाठवता, मग रंगाचे डबे दोन कशाला आणता?"