सापडला नाही

(डहाणू, मे २०१९. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या देतात, तिथली बोलण्याची खोली. समुपदेशक निलम मॅडम. समोर उधव्याहून आलेले दीपेश आणि चंद्रिका, नवराबायको.)

चंद्रिका: तुम्ही मला एवढाच सांगा मॅडम. दिवाळीला याच्या रक्तात विषाणू नव्हता. आता हाय. मग मधल्या दिवसांत हा कुठे गेलेला?

दीपेश: कुठे जाईन? मच्छीच्या बोटीवर होतो. चारी बाजूंनी पाणी.

चंद्रिका: बोट काय कायम पाण्यातच असते? बंदराला लागत नाय?

निलम: चंद्रिका, जरा थांब. दीपेश, दिवाळीच्या रिपोर्टनंतर तुम्ही गोळ्या घेतल्यात?

दीपेश: नाय.

निलम: अजिबात नाही?

दीपेश: कशाला घेऊ? रिपोर्टमध्ये लिहिलेला, विषाणू सापडला नाय. तुम्हीच वाचून दाखवलात.

निलम: आणि पुढे मी म्हणाले होते, गोळ्या बंद करू नका.

दीपेश: म्हणाला असाल. सापडला नाय, त्याच्यापुढचा कायच ऐकला नाय मी.

चंद्रिका: बंद कर म्हणून मीच सांगला. गोळी घेतली की याला गरगरायचा. बोटीवर गरगरला तर सरळ समुद्रात. आणि ताप गेल्यावर कोण खातो तापाची गोळी?

निलम: चूक माझीही आहे. ‘सापडला नाही’ म्हणजे ‘गेला’ असं नसतं. हे मी नीट बसून सांगायला हवं होतं. रक्तात मोकळा फिरणारा विषाणू आम्ही मोजतो. गोळ्यांमुळे तो इतका कमी झाला होता की मशीनला दिसेना. पण काही पेशींच्या आत तो होताच.

चंद्रिका: म्हणजे मशीन खराब?

निलम: नाही, मशीन बरोबर होतं.

चंद्रिका: मशीन बरोबर, रिपोर्ट बरोबर, हा पण बरोबर. मग खोटी मीच काय?

निलम: कुणीच खोटं नाही गं. ऐक. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. अंगात आजार शिरला की त्यांतल्या काही पेशी बाकीच्यांना उठवतात, चला, लढायला लागा म्हणून. हा विषाणू नेमका त्या उठवणाऱ्या पेशींनाच धरतो.

दीपेश: मारून टाकतो.

निलम: बऱ्याच मरतात. म्हणून तर तुमचा ताप जात नाही, तोंड आलंय. पण आधी तो आत शिरतो. प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं, तिनं काय काय करायचं ते. त्या मजकुरात हा आपलाही मजकूर घुसवतो. मग ती पेशी स्वतःचं काम सोडून याचेच विषाणू तयार करत बसते.

चंद्रिका: पेशीत लिहिलेला? कोण लिहितो?

दीपेश: जन्मापासूनचा असेल. तू मधी मधी नको बोलू.

चंद्रिका: तू गप. तुझ्यासाठीच विचारते मी.

निलम: जन्मापासूनचंच. आता, काही पेशींत विषाणू आपला मजकूर घुसवतो आणि पेशी झोपून जाते. ती विषाणू बनवत नाही, काहीच करत नाही. बाकीच्या चांगल्या पेशींसारखीच दिसते. गोळी काय करते, विषाणूला नव्या पेशीत वाढू देत नाही. पण झोपलेल्या पेशीत जे घुसलंय, ते गोळीला पुसता येत नाही.

चंद्रिका: पुसता येत नाय, तर गोळी कशाला?

निलम: कारण झोपलेली पेशी कधीतरी जागी होते. त्या वेळी गोळी अंगात असली तर विषाणूला पुढे जाता येत नाही. नसली तर थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा सगळीकडे पसरतो.

दीपेश: माझ्याच पेशीत, मलाच न सांगता?

निलम: हो.

चंद्रिका: त्या पेशीला तरी कळतो का, आपल्यात काय हाय ते?

निलम: नाही. तिला काहीच कळत नाही.

चंद्रिका: आमच्या भातात एक गवत येतो, मॅडम. लावणी करताना ओळखूच येत नाय. आपल्या हाताने आपणच चिखलात लावतो. कणसं सुटली की मग कळतो, हा भात नव्हता.

निलम: थोडंफार तसंच म्हण.

दीपेश: मग उपटून टाका की.

निलम: कुठली पेशी ते आम्हालाही ओळखता येत नाही. सगळं उपटणारं औषध दवाखान्यात नाही, दीपेश. तसे डॉक्टर लोक शोधतायत.

दीपेश: म्हणजे हा जुनाच. आधीचाच.

निलम: गोळ्या बंद केल्या की बहुतेक सगळ्यांचं असं होतं. त्यासाठी कुठे जावं लागत नाही.

दीपेश: ऐकला?

चंद्रिका: ऐकला. पण मॅडम, संसार मोडू नये म्हणून तर नाय ना तुम्ही असा सांगत?

निलम: नाही. बोटीवरून उतरून हे कुठे गेले की नाही, ते मला माहीत नाही. या रिपोर्टवरून ते सांगताच येत नाही. विषाणू परत दिसला म्हणून हे कुठे गेलेच असतील, असं होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

दीपेश: मॅडम, हा तर मला अर्धाच सोडवलात.

निलम: मला माहीत आहे तेवढंच बोलले. चंद्रिका, आता तुझं. दिवाळीनंतर निरोध वापरत होतात?

चंद्रिका: नाय.

निलम: होळीला हे घरी आले तेव्हा?

चंद्रिका: तेव्हापण नाय. बरा झाला म्हणून. आम्हाला पोर पाहिजे होता.

निलम: सकाळी तुझं रक्त घेतलंय. त्याचा रिपोर्ट आलाय.

दीपेश: मला सांगा आधी.

चंद्रिका: तुला का? रक्त माझा हाय.

निलम: निगेटिव्ह आहे, चंद्रिका.

चंद्रिका: म्हणजे?

निलम: म्हणजे तुला लागण दिसत नाही.

चंद्रिका: दिसत नाय. सापडला नाय.

निलम: हो.

चंद्रिका: आत्ताच तर बोललात, सापडला नाय म्हणजे गेला असा नसतो! मग माझ्यात पण कुठे झोपलेला असेल.

निलम: थांब, थांब. दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत. यांच्या रक्तात विषाणू किती ते मोजलं. तुझ्या तपासणीत बघतात, विषाणू शिरल्याची चाहूल तुझ्या शरीराला लागलीय का. तशी चाहूल दिसत नाही. पण अलीकडेच शिरला असेल तर ती लागायला वेळ लागतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला ये. तोवर निरोधाशिवाय नाही.

चंद्रिका: याचा ‘नाही’ वेगळा, माझा ‘नाही’ वेगळा.

निलम: हो. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, त्याला मी काय करू!

दीपेश: पण आज तरी नाय ना हिला? मॅडम? आज तरी?

निलम: आज तरी नाही.

चंद्रिका: रडतो कशाला आता? बाहेर बाया बसल्यात, ऐकतील.

दीपेश: ऐकू दे.

निलम: दीपेश, गोळ्या आजपासून पुन्हा. त्या किती लागू पडतात ते थोड्या महिन्यांनी रक्त तपासून बघू. गरगरतं हे डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि पोराचं नंतर बोलू. यांचा विषाणू पुन्हा दबला की त्याचा विचार करता येतो. खरंच येतो.

चंद्रिका: दबला. गेला नाय.

निलम: बरोबर. दबला. बसा तुम्ही, मी डॉक्टर मोकळे झालेत का बघून येते.

दीपेश: ...चंद्रे.

चंद्रिका: काय?

दीपेश: बोटीवर नाय जात मी आता. इकडेच बघतो, चिकूच्या वाडीत.

चंद्रिका: ते नंतर बघू. आधी ताप उतरू दे.

दीपेश: आईला काय सांगायचा? ती पाडाभर बोलून बसली, पोरगा बरा झाला म्हणून.

चंद्रिका: समजला तेवढा सांगू.

दीपेश: तुला समजला?

चंद्रिका: गोळी सोडायची नाय, तेवढा समजला.

दीपेश: आणि मी कुठे गेलो नव्हतो, तो?

चंद्रिका: तो रक्तात दिसत नाय म्हणाल्या ना मॅडम.

दीपेश: मग?

चंद्रिका: मग काय. तुझाच ऐकायला लागेल मला.