हवेतली बटणं

सून : तोंड फिरवू नका, आई. आज नाही.

सासू : मला नाही बघवत गं. तीन वर्षांत एकदाही बघितलं नाही मी. पोरीला झटका आला की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, तुला ठाऊक आहे.

सून : म्हणूनच सांगतेय. सोमवारपासून मी कामावर जाणार. दिवसभर भिंगरी तुमच्याजवळ. झटका आला की आधी घड्याळ बघायचं. तिला कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांच्या वर गेला तर अ‍ॅम्ब्युलन्स. आणि तोंडात काही घालायचं नाही.

सासू : पाणीसुद्धा नाही?

सून : थेंबभर नाही. हे बघा, कालचा झटका मी मोबाइलवर घेतलाय. उद्या डॉक्टरांना दाखवायचाय. आधी ते मशीन थांबवा.

सासू : एवढा काठ दुमडून होऊ दे, गिऱ्हाईक संध्याकाळी...

सून : आई.

(शिवणयंत्र थांबतं.)

सासू : आण. चष्मा दे तो, अस्तराखाली असेल. अगं, ही तर किती शांत बसलीय! हा झटका? मला वाटायचं थडथड उडते, दातखीळ बसते.

सून : तो मोठा. तो महिन्यातून एखादा. हा धाकटा, दिवसातून चार वेळा येतो. बघा, मान डावीकडे गेली. आता ओठ चाटेल. आता हात बघा... आई? काय झालं?

सासू : परत लाव.

सून : एकदा पुरे, तुम्हाला त्रास...

सासू : परत लाव म्हणते ना! हातापासून.

सून : लावलं. हे बघा, दोन बोटं आणि अंगठा. फ्रॉकवरून काहीतरी वेचल्यासारखं करते.

सासू : वेचत नाहीये. बटणं लावतेय ती. गळ्यापासून खाली. एक, दोन, तीन, चार. आता परत पहिल्यापासून करेल.

सून : हो, केलं. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही कधी बघितलंच नाही म्हणालात.

सासू : हिचं नाही बघितलं.

सून : मग कुणाचं बघितलंत?

सासू : तुझ्या नवऱ्याचं. दीड वर्षाचा असेल. याच टेबलाखाली चिंध्यांत बसलेला असायचा. एकदम मान वळायची आणि हवेत बटणं लावायला लागायचा. अंगात सदरासुद्धा नसायचा गं! ह्यांची छाती फुगायची. म्हणायचे, तीन पिढ्यांचा धंदा, पोटातूनच शिकून आलाय. मापं द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो. एका बाईनं खाऊची गोळी पुढे केली, त्यानं घेतली नाही. मी म्हटलं, साहेब कामात आहेत! सगळं दुकान हसलं होतं. मी सगळ्यांत जास्त.

सून : चालायला कधी लागले हे?

सासू : तीन पुरी झाल्यावर. बोलायला त्याहून उशिरा. आम्ही म्हणायचो, मुलगे आळशीच असतात.

सून : डॉक्टरांनी तीनदा विचारलं, आई. घरात आणखी कुणाला असं काही? तिन्ही वेळा माझ्याआधी तुम्ही बोललात. ‘आमच्याकडे नाही. हिच्या माहेरी विचारा.’

सासू : खोटं नाही बोलले गं. देवाशपथ. झटका म्हणजे माणूस पडतं, तोंडाला फेस येतो, एवढंच मला माहीत.

सून : खोटं बोलला असतात तर निदान भांडता आलं असतं मला. माझ्या वडिलांनी या वयात गावोगावच्या नातेवाइकांना फोन केले. गेलेल्या चुलतआजोबांचीसुद्धा चौकशी केली. आणि माझी आई अजून मला विचारते, तू पोटात असताना माझ्या खाण्यात तर काही आलं नसेल?

सासू : मार मला.

सून : काय बोलताय हे... दार वाजलं. आले वाटतं.

मुलगा : अरेच्चा, मशीन बंद? सूर्य कुठे उगवला आज? भिंगरी झोपली का?

सून : झोपलीय. बसा. तुम्ही लहानपणी हवेत बटणं लावायचात ना?

मुलगा : बाबा जाईपर्यंत प्रत्येक पाहुण्याला तेच ऐकवायचे. मला लाज वाटायची. आता कशाला उकरताय?

सून : हे बघा.

मुलगा : कालचाच आहे की, बघितलाय मी. आई, तू रडतेस का? थांब. हे... बटणं?

सासू : अशीच रे. मान डावीकडे आणि वरून खाली.

मुलगा : पण माझं तर बंद झालं.

सासू : शाळेत जायला लागलास आणि थांबलं.

मुलगा : शाळेत गुरुजी खडू मारायचे. कुठे हरवतोस म्हणून.

सून : अजून हरवता?

मुलगा : म्हणजे, समोरच्याचं एखादं अर्धं वाक्य गायब होतं. ते काय, सगळ्यांचंच होतं.

सून : नाही.

मुलगा : तुझं होत नाही?

सून : कधीच नाही. मागच्या वर्षी कारखान्यात अंगठा कापला, तेव्हा नेमकं काय झालं होतं?

मुलगा : सांगितलं होतं ना. कटिंग चालू होतं, चाळीस थर होते कापडाचे. मग सगळे ओरडत होते आणि कापड लाल झालं होतं.

सून : आणि मधलं?

मुलगा : मधलं... मधलं नाहीये.

सासू : अरे देवा.

सून : उद्या तुम्हीपण चला डॉक्टरांकडे. तोवर कारखान्यातल्या त्या कटिंग मशीनला हात लावायचा नाही. शेठना मी सांगते.

मुलगा : म्हणजे भिंगरीला हे माझ्याकडून आलं?

सून : मला नाही माहीत. ते डॉक्टर ठरवतील. तीन वर्षं ते म्हणतायत, या आजाराला अजून नाव देता येत नाही. त्यांना आपण अर्धंच सांगितलं होतं.

सासू : तो कागद आण. दर वेळी भरायला देतात तो.

सून : हा घ्या. ‘कुटुंबात आणखी कुणाला?’ इथे मी ‘नाही’ लिहून ठेवलंय.

सासू : खोड. ‘वडील’ लिही.

सून : लिहिलं. ‘लक्षणं प्रथम कुणी पाहिली?’

सासू : त्याच्या आईनं.

सून : ‘त्या वेळी काय केलं?’

सासू : गिऱ्हाइकांना बोलावलं, लिही.