भंवरलालजींची हजेरी

...अहो, पण सकाळी दहाला कोण जेवतं? तुम्हीच सांगा. पोह्यांची बशी अजून टेबलावरून उचललेली नाही, चहाचा कप हातात आहे, आणि समोर ताट. आमटी, भात, पोळी, भाजी, सगळं वाफाळतंय. मी म्हटलं, 'नीलिमा, अगं आत्ता तर पोहे...' तर म्हणते, 'जेवून घ्या. उशीर झाला तर?' आता यावर माणसानं काय बोलायचं? कशाला उशीर? मी रिटायर झालेला माणूस, मला आता एकाच ठिकाणी जायचं राहिलंय आणि तिथं उशिरा पोचलो तरी माझी काही तक्रार नाही. पण ही ऐकेल तर ना. संध्याकाळचं जेवण पाचला. चहा उकळायच्या आधी गाळायला घेते. 'उशीर झाला तर?'

तुम्ही म्हणाल, बाईंचं डोकं फिरलंय. नाही हो, तसं काही नाही. तुम्हाला सांगतो, नीलिमा मूळची सांगलीची, माझ्या बदल्यांमागे निम्मा देश फिरलेली. मी विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासायचो, म्हणजे कागदावर मेलेला माणूस खरोखर मेलाय का हे बघायचं, असला आनंदी धंदा. शेवटची बदली जयपूरला झाली आणि आम्ही इथेच मुरलीपुऱ्यात घर घेऊन राहिलो. मुलगी तनया लग्न करून पुण्याला गेली, फोनवर अजून 'आई, मतलब तू समज ना' असं बोलते, आणि घरात उरलो आम्ही दोघं. हिला बसवेना. मग हिनं गल्लीतल्या चार बायका जमवून सरकारी पोषण योजनेचं स्वयंपाकघर चालवायला घेतलं. स्वयंपाक इथे मुरलीपुऱ्यात करायचा आणि गरम डबे टेंपोत घालून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका सामुदायिक भवनात न्यायचे. तिथे एका बाजूला कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांचं पाळणाघर, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचं दिवसभराचं केंद्र आणि मधे एकच हॉल. दुपारी पंगत समोरासमोर. या रांगेत दात यायचेत, त्या रांगेतले गेलेत, त्यामुळे बेत दोघांनाही एकच... खिचडी, दलिया, पातळ डाळ, दुधात कुस्करता येईल अशी पोळी.

आणि म्हाताऱ्यांच्या रांगेत, दाराजवळ, पहिली जागा भंवरलालजींची. जन्मभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, डोक्याला पांढरा साफा, मांडीवर रिकामं ताट. डबे आत आले रे आले की सुरू. 'आ गईं मैडमजी? हम तो समझे आज एकादशी है.' ही म्हणायची, 'बाबाजी, दहा मिनिटं तर झालीत.' ते म्हणायचे, 'दस मिनट में तो रेल अजमेर निकल जाती है.' अशी काही रेल्वे नाही, पण कोण सांगणार? ही घरी येऊन चिडायची. आज मला असं म्हणाले, आज तसं म्हणाले, मी काय त्यांची सून आहे? मी ऐकून घ्यायचो. तेव्हा मला जेवण एक वाजता मिळायचं हो... काय दिवस होते.

मग जानेवारीत एक दिवस खिचडी खालून लागली. फार नाही, जरासा वास. गुलाबबाई म्हणून हिची मुख्य स्वयंपाकीण आहे, ती म्हणाली, 'मैडमजी, ऊपर-ऊपर से निकाल देते हैं, किसको पता चलेगा.' पण नीलिमाच ती. म्हणाली, 'लेकरांना आणि म्हाताऱ्यांना करपलेलं घालायचं नाही,' आणि सगळं पातेलं रिकामं करून पुन्हा तांदूळ-डाळ चढवायला लावली. आता यात तिचं काय चुकलं? तुम्ही काय केलं असतंत? मी तेच केलं असतं... नाही, मी वरून वरून काढली असती, पण ते जाऊ द्या.

टेंपो पोचला तेव्हा मुलं रडून रडून पेंगली होती. ही स्वतः वाढायला उभी राहिली, मनातून भंवरलालजींच्या टोमण्याची तयारी करूनच. ते खाली मान घालून बसलेले. काही बोलले नाहीत. हिला वाटलं, रागावलेत. तिनं ताटात खिचडी वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाली, 'बाबाजी, गरम है, संभालके.' मान वर झाली नाही. शेजारचे म्हातारे म्हणाले, झोप लागली असेल, मघाशी तर बोलत होते. हिनं खांद्याला हात लावला... आणि ताट मांडीवरून सरकलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं, कुणाला काही करता आलं नसतं. तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी नोकरीत शेकडो कागदांवर वाचलंय. पण नीलिमाच्या डोक्यात दुसरंच वाक्य बसलं. 'ते भुकेले गेले. मी खिचडी पुन्हा लावली म्हणून ते भुकेले गेले.' आणि त्या दिवसापासून आमच्या घरात 'उशीर झाला तर?'

इथवरही मी सांभाळून घेतलं असतं. पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, अंगावर काटा येतो... खरी गोष्ट पुढे झाली. सरकारनं एक ॲप दिलंय. जेवायच्या आधी फोन रांगेवरून फिरवायचा. चेहरा दिसला की फोनमधली बाई गोड आवाजात नाव घेते, 'आपकी हाज़िरी लग गई है, धन्यवाद.' जितक्यांची हजेरी तितकी ताटं वाढायची आणि त्यांचा फोटो टाकायचा. भंवरलालजींचं दिवसकार्य झालं, केंद्र पुन्हा नीट सुरू झालं. नीलिमानं फोन फिरवायला घेतला. दाराजवळची जागा रिकामी, तिथे कोणी बसायला तयार नाही. आणि फोन त्या रिकाम्या जागेवरून गेला तसा बोलला, 'भंवरलाल जी, आपकी हाज़िरी लग गई है. धन्यवाद.'

एका म्हातारीनं हात जोडले. समोरच्या रांगेतून एक चिमुरडी म्हणाली, 'बाबाजी को भी दो.' आणि नीलिमा... तिनं काय करावं? तिनं रिकाम्या जागेपुढे ताट ठेवलं आणि वाढलं. हजेरी लागली होती ना.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज त्या जागेपुढे ताट, रोज त्याच्यावरची वाफ हळूहळू विरणार आणि शेवटी ते ताट बाहेरच्या गायीला. म्हातारे खालच्या आवाजात बोलायला लागले. जी म्हातारी हात जोडायची, ती एक दिवस हिला म्हणाली, 'बेटी, तेरे फोन से म्हारे वाले को भी पूछ ले, ठीक तो है?' म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याला. नीलिमा घरी येऊन खुर्चीत बसून राहायची. म्हणायची, 'आपल्याकडे पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय म्हणतात? काहीतरी राहिलेलं असतं. त्यांचं जेवण राहिलंय.' मी म्हटलं, अगं, तू बी.एस्सी. झालीस. ती म्हणाली, 'फोनला कुठे माहीत आहे मी बी.एस्सी. आहे?'

मग मी म्हटलं, मीच येतो. मेलेली माणसं हजर झालेली मी पुष्कळ पाहिलीत, त्यातली निम्मी तर सही करायची. गेलो. हिनं फोन फिरवला. दाराजवळ आली आणि फोन बोलला. खोटं कशाला सांगू, माझ्याही मानेवरचे केस उभे राहिले. पण सवय ती सवय, मी फोनच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि फोन जिथे बघतोय तिथे बघितलं. भिंतीवर भंवरलालजींचा फोटो. साफा, मिशा, झेंडूचा हार. केंद्रवाल्यांनी श्रद्धांजली म्हणून बरोबर त्यांच्या जागेवर टांगलेला. इतके दिवस सगळे खालच्या रिकाम्या जागेकडेच बघत होते. फोन बिचारा फोटोला नमस्कार घालत होता.

मी फोटो काढून ऑफिसच्या खोलीत लावला. सगळे हसले. नीलिमाही हसली. मला वाटलं, झालं, उद्यापासून जेवण एकला.

कुठलं काय? आता फोन त्या जागेवरून मुकाट्यानं जायला लागला, आणि हिला तेच सोसेना. म्हणाली, 'बोलत होता तोवर निदान वाढत तरी होते.' त्यातच मोबाइलवर संदेश आला. लाभार्थी भंवरलाल सतत अनुपस्थित, घरी जाऊन संपर्क साधा, भेटीचा फोटो टाका. हिनं कार्यालयात फोन लावला. तिकडचा साहेब म्हणाला, 'मैडम, मृतक का ऑप्शन अभी नहीं है, अगले अपडेट में आएगा. तब तक आप विज़िट दिखा दो.' म्हणजे माणूस मेला, पण सरकारला तसं सांगायची सोय व्हायची होती.

मी म्हटलं, दुर्लक्ष कर. पण नीलिमा उठली. खिचडी लावली, जराही लागू दिली नाही, डब्यात भरली आणि म्हणाली, 'मला जायचंच होतं. कुणी पाठवत नव्हतं, आता पाठवलंय.'

मीही निघालो तिच्याबरोबर. झोटवाड्यात, बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं घर. भंवरलालजींची बायको सुगनीदेवी पडवीत मेथी निवडत बसलेली. हिनं समोर बसून, डबा मांडीवर धरून, सगळं सांगितलं. खिचडी लागली, मी पुन्हा लावली, उशीर झाला, ते वाट बघत बघत गेले. हिंदी मोडकीतोडकी झाली, मधे मराठी आली, पण थांबली नाही. 'वो भूखे गए, माँजी. मेरी वजह से.'

सुगनीदेवींनी मेथीची काडी बाजूला टाकली. म्हणाल्या, 'भूखे? किसने कहा? घर से खाकर निकलते थे. चार रोटी, लहसुन की चटनी. उस दिन भी खाई.'

नीलिमानं मांडीवरचा डबा खाली ठेवला. 'मग... फिर वहाँ किसलिए आते थे?'

'आपसे लड़ने. घर में मैं तो सुनती नहीं. कहते थे, मैडमजी देर से आती हैं तो दो बात बोलने को मिलती है. जिस दिन टाइम से आ जाती थीं, उस दिन मुँह फुलाकर लौटते थे.' आणि मग मेथीकडे बघतच म्हणाल्या, 'उस दिन तो खुश गए होंगे.'

खरं बोलत होत्या की हिची समजूत घालत होत्या? तुम्ही मला विचाराल, तुम्ही तर आयुष्यभर हेच तपासलंत. मी विचारलं नाही. काही दावे न तपासता मंजूर करायचे असतात, हे मला नोकरीत कुणी शिकवलं नाही. आम्ही तिघांनी त्या डब्यातली खिचडी खाल्ली, सुगनीदेवी म्हणाल्या की मीठ बरं आहे पण हिंगात हात आखडता घेतलाय, आणि मी दोघींचा फोटो काढून ॲपवर टाकला.

परत निघालो. ई-रिक्षा केली. नीलिमा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली. चौक गेला, फाटक गेलं. आणि मग एकदम म्हणाली, 'चार रोट्या? चार रोट्या खाऊन वर माझी दोन वाढपं? आणि मला एकादशी म्हणायचे?' आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, इतकी की पदर तोंडात धरला तरी थांबेना. भंवरलालजी गेल्यापासून हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. हळूच म्हणाला, 'भाईसाब, घर में कोई शांत हो गया क्या?' इकडे कुणी वारलं की 'शांत झाला' म्हणतात.

मी म्हटलं, हो.

'कब?'

आता त्याला काय काय सांगत बसू? म्हटलं, 'बस, अभी-अभी.'