बालीचा ट्रेक अन् आमची माय

हसू नका बे, पण बालीचं बुकिंग करताना मले तोंड लपवाले जागा उरली नव्हती. माय अन् मी, पहिलीच परदेशवारी, सगळा आराम, फक्त एक दिवस ज्वालामुखीचा ट्रेक. पुण्याची ट्रॅव्हलवाली बाई स्पीकरवर होती.

"चढउताराची सवय आहे ना?"

"म्हणजे काय! आम्ही सुलतानपूरचे. लोणार सरोवर तं घरचंच!"

"वा! खाली उतरायला किती वेळ लागतो?"

मी तं आजवर काठावरूनच फोटो काढले होते.

भाजी निवडता निवडता माय बोलली, "पोरी, नवरात्रात देवीच्या दर्शनाले मी दरसाली खाली जातो. हा वरच गाडीत एसी लावून बसते."

"मग ट्रेकला काकूंचं नाव टाकू?"

माय म्हणे, "टाक. याले गाडीतच बसवजो."