बाबांचे ओठ

ताई : आवाजाचं मला सांगू नकोस. आवाज येतोय मला.

छोट्या : मग झालं तर. आधी किती अडकत होता. पुन्हा पुन्हा व्हिडिओ बनवला तेव्हा कुठे एवढा खणखणीत आलाय.

ताई : अरे, पण कोणासाठी खणखणीत? आपण शाळेत असल्यापासून आईला ऐकू येत नाही. ती ओठ बघून वाचते. आणि टीव्हीवर बाबांच्या नाकाखाली नुसता चिखल दिसतोय.

छोट्या : चिखल काय? दिसतायत की बाबा. चष्मा दिसतोय, शर्ट दिसतोय.

आई : माझ्याकडे पाठ करून काय पुटपुटताय दोघं? तोंड इकडे करून बोला.

छोट्या : काही नाही गं आई. टीव्हीचं बघतोय.

आई : टीव्हीला काय धाड भरलीय? मघाशी बातम्या सांगणारी मुलगी मला शब्द न् शब्द कळली. हेच तेवढे कळत नाहीत. ह्यांच्या तोंडाला कुणी लोणी फासलंय का?

ताई : थोडा वेळ दे आई. बघते मी.

आई : सुरुवातीला माझं नाव घेतलं, एवढं कळलं. पुढचं सगळं वाहून गेलं. मी आत जाऊन बसते. जमलं तर बोलवा, नाही तर राहू दे.

ताई : ऐकलंस? राहू दे म्हणाली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. कधीही विचारलं तरी म्हणायची, आत्ता नको, मन होईल तेव्हा बघेन. आज स्वतःहून चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढून बसली, आणि तू तिला हे दाखवलंस.

छोट्या : मी मुद्दाम केलं का? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी स्वतः लॅपटॉपसमोर बसून ते रेकॉर्ड केलं. लॅपटॉपवर व्यवस्थित चालतं. पण त्या स्क्रीनला तडा गेलाय आणि तो बरोबर बाबांच्या तोंडावर येतो. म्हणून म्हटलं, मोठ्या टीव्हीवर लावू. टीव्ही म्हणाला, हा फॉरमॅट चालत नाही.

ताई : मग?

छोट्या : मग एक फुकटचं अ‍ॅप घेतलं. दोन तास घुरघुरत होतं. टीव्हीवर लागलं, पण आवाज अडकायला लागला. म्हणून त्या फाइलीवरून दुसरी केली. तिच्यात आवाज मागे राहायला लागला. मग दुसरीवरून तिसरी. सगळी सुट्टी त्यात गेली माझी, आणि तू आल्या आल्या फाडून खातेयस.

ताई : म्हणजे दर वेळी आधीच्या फाइलीवरून?

छोट्या : मग? जी सुधारली तीच पुढे घेणार ना.

ताई : सुधारली कसली, झिजली. अ‍ॅपने दर वेळी एकेक चित्र पुसून नव्याने काढलं, आणि काढताना बारीकसारीक टाकून दिलं. ओठ म्हणजे बारीकसारीकच. तू आवाजाच्या मागे लागलास आणि बाबांचं तोंडच घालवलंस.

छोट्या : तिथे 'लहान आकार' लिहिलं होतं आणि पुढे 'शिफारस'. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कंपनीने शिफारस केलेलं बसवतो, स्वतःची अक्कल लावत नाही.

ताई : बरं, मूळ फाइल कुठाय?

छोट्या : कुठली?

ताई : छोट्या, मूळ फाइल.

छोट्या : डिलीट केली.

ताई : काय?

छोट्या : बघू नकोस गं अशी. लॅपटॉप भरला होता, तिसरी ठेवायला जागाच नव्हती. मला वाटलं सगळ्यांत एकच तर आहे. रडू नकोस ताई. चुकलं माझं. दिवसभर व्हिडिओच हाताळतेस ना कॉलेजात? तुला आधी विचारायला हवं होतं.

ताई : कॉलेजच्या पोरांना रोज ओरडते, मूळ फाइलीला हात लावू नका. आणि माझ्याच घरात हे. आता काय सांगू तिला मी?

छोट्या : डिलीट करून उपयोगही झाला नाही. ते डबडं अजून म्हणतंय जागा नाही. शेवटी पेनड्राइव्हवर बनवली.

ताई : थांब. डिलीट केल्यावरही जागा वाढली नाही?

छोट्या : तसूभर नाही.

ताई : सरक. आधी सरक इकडून. ही स्क्रीनच्या कोपऱ्यातली कचराकुंडी उघडलीस का कधी?

छोट्या : ती उघडते?

ताई : डिलीट केलेलं आधी इथे येऊन पडतं. ही रिकामी केली की मग जागा होते. थांब जरा. ही बघ. बाबांनी नाव दिलंय, 'हिच्यासाठी'. तुझ्या अडाणीपणाचे उपकार झाले आज.

छोट्या : हुश्श. पण ही टीव्हीवर चालत नाही ना. म्हणजे परत दोन तास आणि परत लोणी.

ताई : अजिबात नाही. नावाच्या शेवटी टिंबानंतर ही अक्षरं आहेत ना, तो नुसता डबा. चित्र आणि आवाज त्याच्या आत. आतलं सगळं टीव्हीला चालतं, फक्त हा डबा त्याला उघडता येत नाही.

छोट्या : ती अक्षरंही बदलून पाहिली होती मी. टीव्हीला चालतात ती घातली. नाही चाललं.

ताई : डब्यावरची चिठ्ठी बदलून डबा बदलतो का? आतलं उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायचं, जसंच्या तसं. हे बघ, माझ्या पेनड्राइव्हवरच्या ह्या प्रोग्रॅममध्ये चित्रापुढे 'कॉपी', आवाजापुढे 'कॉपी'. बाकी कशाला हात लावायचा नाही. दाब आता.

छोट्या : दाबलं. अगं, झालं म्हणतंय.

ताई : झालंच आहे.

छोट्या : काहीतरी चुकलंय. एवढ्यात कसं होईल?

ताई : तुझं अ‍ॅप सगळं नव्याने काढत बसलं होतं. आपण फक्त उचलून ठेवलं. वेळ जास्त लागला की काम चांगलं होतं, असं कुणी सांगितलं तुला?

छोट्या : बाबांनीच.

ताई : पण ही तुझ्या फाइलीपेक्षा लांब कशी काय?

छोट्या : शेवटचा भाग मी कापला होता. त्यात आवाजच नाही. माइक बंद पडला असणार. बाबा नुसतं तोंड हलवतायत. म्हटलं, आईला उगाच कशाला त्रास.

ताई : आवाज नसल्याचा आईला कसला त्रास?

छोट्या : अं?

ताई : आणि माइक बंद नाहीये. कान दे. मागे पंखा ऐकू येतोय. आता खुर्ची करकरली.

छोट्या : मग बाबा गप्प का?

ताई : गप्प कुठे आहेत? जेवताना टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघं नुसत्या ओठांनी बोलायचे, आठवतं? आपल्याला कळू नये म्हणून.

छोट्या : हो. मी किती चिडायचो. मला वाटायचं माझ्या मार्कांचं चाललंय. आणि मध्येच आई हसायची. ताई, मी ते कापून टाकलं होतं गं.

ताई : जा, आईला घेऊन ये.

(टीव्ही लागतो. आई खुर्ची आणखी पुढे ओढते. बराच वेळ फक्त बाबांचा आवाज, मग तोही थांबतो.)

आई : हे कपाटाचं आणि बँकेचं मला माहीत होतं. उगाच सांगत बसले. आता गप्प बसा दोघं, मला बघू दे.

छोट्या : ताई, हसतेय ती.

ताई : दिसतंय मला.

आई : काहीही बोलतात. छोट्या, मागे घे. इथून नाही, अजून थोडं मागे. हां.

छोट्या : आई, इकडे बघ. शेवटी काय म्हणाले बाबा?

आई : तुम्हाला सांगायचं असतं तर आवाज काढला असता त्यांनी. बाजूला हो, दिसत नाहीयेत ते.