काकांचं कपाट

कुलूपवाला : माणूस जातो, ताई. मागे उरतं ते त्याचं कुलूप.

भाऊ : तासभर झाला, अजून तेच उरलंय. उघडणार कधी?

कुलूपवाला : घाई करू नका, साहेब. पस्तीस वर्षं हेच करतोय, असं कुलूप पाहिलं नाही. इथे कान लावा. काय ऐकू येतंय?

भाऊ : काही नाही.

कुलूपवाला : तेच तर. आत सात खटके फिरले. सात. हे काकांनी हातानं घडवलं?

बहीण : खाली दुकानात. सहा वर्षं लागली. गिऱ्हाइकं ओरडून ओरडून दुसरीकडे गेली.

कुलूपवाला : माझ्याकडेच आली असतील. बायको-मुलं?

बहीण : लग्नच केलं नाही. आम्ही दोघंच, त्यांच्या भावाची मुलं.

भाऊ : आणि मृत्युपत्र नसेल तर दोघांना सारखा वाटा. वकिलांनी दोनदा सांगितलंय.

बहीण : तू आलासच दोनदा, दादा. नऊ वर्षांत.

भाऊ : झालं सुरू. अगं, तुझ्या नावाचा कागद निघाला तर मी मुकाट्यानं जातो. नाही निघाला तर घर विकायचं, निम्मं निम्मं.

बहीण : आणि मी राहू कुठे?

भाऊ : आधी उघडू तर दे.

बहीण : निघेल कागद. काका शेवटपर्यंत म्हणायचे, तुझी सोय कपाटात आहे. दोन किल्ल्या केल्या होत्या, पण एक मागितली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

भाऊ : हरवली असेल.

कुलूपवाला : साहेब, हे ज्यानं केलं तो किल्ली हरवणारा नव्हे. बघा ना, दार नुसतं लोटलं की आपोआप लागतं. किल्ली लावायचं कामच नाही. काय डोकं असेल. एकदा तरी भेटायला हवं होतं.

बहीण : नसते भेटले. दुसऱ्या कुलूपवाल्याला ते जिनाही चढू देत नसत.

कुलूपवाला : बरोबर आहे. मीही दिला नसता.

(कुलूपवाला पुन्हा कुलपाला कान लावून खटके फिरवतो. मग दार अलगद पुढे येतं.)

कुलूपवाला : उघडलं.

भाऊ : तूच बघ. मी हात लावत नाही.

बहीण : आहे. मृत्युपत्रच आहे. काकांचं अक्षर. घर, दुकान, सगळं माझ्या नावे.

भाऊ : आणि सही?

बहीण : सही नाही. तारीख आठ वर्षांपूर्वीची, रविवारची. त्या दिवशी दोन साक्षीदार आले होते, दादा. त्यांच्यासमोर सही करायची होती. मी चहा टाकला, आणि काकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. बरं वाटत नाही म्हणाले.

भाऊ : सही नाही म्हणजे तो नुसता कागद गं.

बहीण : माहीत आहे.

कुलूपवाला : त्या कागदावर वजन म्हणून काय ठेवलंय, ताई?

बहीण : किल्ल्या. दोन्ही.